पाच लॉगची घट आणि न धुतलेले आम्ल: ग्राफीन ऑक्साइड–झिंक ऑक्साइड संमिश्राच्या एका चाचणीचे प्रकरण

कार्बन आणि धातू-ऑक्साइड यांच्या संमिश्रांवर जिवाणूनाशक चाचण्या करणाऱ्यांना वारंवार पडणारा एक पेच, म्हणजे एकाच पदार्थाची वेगवेगळ्या चाचण्यांत वेगळी उत्तरे, इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवला आहे. प्रकरण अभ्यासासाठी जुळवलेले आहे. त्यातले आकडे गोल केलेले असले तरी रसायनाच्या हिशोबात बसतात, आणि तो हिशोब वाचकाला स्वतः पडताळता येईल.

पदार्थ आणि पहिला निकाल

संमिश्रात वजनाने ३० टक्के ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजनचे गट जोडलेले कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) आणि ७० टक्के झिंक ऑक्साइड. ग्राफीन ऑक्साइड हमर्स पद्धतीने, म्हणजे ग्रॅफाइटवर सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटची क्रिया करून बनवलेले. हायड्रोजन पेरॉक्साइडने क्रिया थांबवल्यावर ते पाण्याने पाच वेळा धुतले. सहाव्या वेळी सेंट्रिफ्यूजमध्ये गाळ बसेना, म्हणून धुणे तिथेच संपवले. त्यात २० ते ३० नॅनोमीटरचे तयार झिंक ऑक्साइड घालून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये मिसळले आणि मिश्रण ६०° सेल्सिअसला वाळवले.

चाचणी ई. कोलाय या जिवाणूवर (प्रमाणित वाण, एटीसीसी २५९२२). रात्रभर वाढवलेले जिवाणू दोनदा धुऊन ०.९ टक्के सलाइनमध्ये प्रति मिलि १० लाख या प्रमाणात घेतले. ५० मिलिला २५ मिग्रॅ संमिश्र, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. ३७° ला चार तास हलवून ०.१ मिलि थेट प्लेटवर पसरले. दुसऱ्या दिवशी प्लेटवर एकही कॉलनी नव्हती आणि वहीत नोंद झाली: ५ लॉग घट (एक लॉग म्हणजे दहापट), ९९.९९९ टक्के.

त्याच पदार्थाने म्यूलर-हिंटन ब्रॉथ या पोषक द्रवात जिवाणूंची वाढ मुळीच रोखली नाही. अगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमावर, पदार्थ लावलेल्या ६ मिमीच्या चकतीभोवती जेमतेम १० मिमी व्यासाचे स्वच्छ वर्तुळ आले. एकच पावडर, एकच जिवाणू आणि तीन वेगळी उत्तरे. अशा वेळी सलाइनचा निकाल शोधनिबंधात जातो आणि उरलेले दोन ‘पद्धतीच्या मर्यादा’ या सदरात टाकले जातात. इथे तिन्ही निकाल खरे धरून त्यांचा मेळ घालायचा आहे.

ब्रॉथ आणि चकती

ब्रॉथचे कोडे सोपे आहे. म्यूलर-हिंटनमध्ये गोमांसाचा अर्क आणि केसीनचे पचित असते. त्यातली अमिनो आम्ले आणि पेप्टाइड झिंक आयनांना घट्ट धरतात, प्रथिने कणांवर थर चढवतात आणि भरपूर अन्न मिळाल्याने जखमी जिवाणू स्वतःची डागडुजी करतात. फॉस्फेट बफरमध्येही असेच होते, कारण झिंक फॉस्फेट होऊन खाली बसते. झिंक ऑक्साइडची विषारकता साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये जास्त आणि फॉस्फेट बफरमध्ये कमी दिसते, हे २०१० च्या सुमारास झालेल्या कामांतून पुरेसे स्पष्ट झाले आहे. तेव्हा माध्यम न सांगता दिलेल्या ‘किमान रोधक मात्रे’ला अर्थ नाही.

शिवाय ही मात्रा ब्रॉथमध्ये वाचायची कशी, हा प्रश्न उरतोच. तपकिरी-काळ्या द्रवात गढूळपणा डोळ्यांना दिसत नाही आणि ६०० नॅनोमीटरचे वाचन पावडरचेच येते. रिझाझुरिन किंवा एमटीटी हे जिवंत पेशी ओळखणारे रंग घालावे, तर कार्बनचे पृष्ठभाग हे रंग शोषतात किंवा जिवाणू नसतानाही त्यांचे क्षपण करतात. जिवंत-मृत रंगाईची चमकही ग्राफीन ऑक्साइड मंदावते. खात्रीची पद्धत एकच: प्रत्येक नळीतून थोडे घेऊन अगरवर लावणे.

चकतीभोवतीच्या वर्तुळाबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की मायक्रोमीटरभर रुंदीचे पापुद्रे अगरमधून सरकत नाहीत. सरकते ते विरघळलेले. वर्तुळ दिसले म्हणजे पदार्थातून काहीतरी सुटते आहे. काय सुटते, हे ते सांगत नाही. या प्रकरणातला पहिला धागा खरे तर इथेच होता.

‘शून्य कॉलनी’चा अर्थ

सलाइनच्या निकालाकडे वळू. ०.१ मिलि पसरून शून्य कॉलनी आल्या, तर म्हणता येते एवढेच की प्रति मिलि १० पेक्षा कमी जिवाणू वाढले. १० लाखांवरून १० म्हणजे ५ लॉग. हा आकडा पदार्थाने दिलेला नाही, मोजमापाच्या तळाने दिलेला आहे. तो लिहायचाच असेल तर ‘५ किंवा अधिक’ असा लिहावा, आणि तोही पुढच्या दोन शंका मिटल्यावरच.

पहिली शंका, जिवाणूंसोबत पदार्थही प्लेटवर गेला याची. ०.१ मिलिमध्ये ५० मायक्रोग्रॅम संमिश्र होते. ते अगरच्या पृष्ठभागावर जिवाणूंच्या शेजारीच बसून राहते आणि चार तासांची म्हणून सांगितलेली चाचणी प्लेटवर रात्रभर चालू राहते. त्यावर उपाय म्हणजे नमुना काढताक्षणी झिंक निकामी करणे. यासाठी ईडीटीए हे धातूंचे आयन बांधून ठेवणारे रसायन चालते, पण मात्रा हिशोबाने ठरवावी. ५०० मायक्रोग्रॅम संमिश्रात ३५० मायक्रोग्रॅम झिंक ऑक्साइड, म्हणजे ४.३ मिलिमोलर झिंक. १ मिलि नमुना ९ मिलि द्रवात टाकला की हे ०.४३ मिलिमोलरवर येते. तिथे १ मिलिमोलर ईडीटीए असेल तर न विरघळलेले झिंकही विरघळून बांधले गेले तरी निम्म्याहून अधिक ईडीटीए शिल्लक राहते.

ईडीटीएचा तोटा असा, की ते ई. कोलायच्या बाह्य पटलातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम ओढून घेते आणि स्वतःच जिवाणू मारू लागते. म्हणून ते आधीच मॅग्नेशियम सल्फेटने, २ मिलिमोलरपर्यंत, भरून घ्यावे. ईडीटीएची झिंकवरची पकड मॅग्नेशियमपेक्षा कितीतरी पक्की असते. त्यामुळे झिंक येताच मॅग्नेशियम सुटते आणि झिंक बांधले जाते.

हा निष्प्रभावक, म्हणजे ईडीटीए-मॅग्नेशियमचा द्रव, खरोखर काम करतो का, हे पाहायला तीन नळ्या लागतात: नुसता निष्प्रभावक, निष्प्रभावक अधिक संमिश्र, आणि सलाइन अधिक संमिश्र. प्रत्येकीत साधारण ५० ते १०० कॉलनी येतील एवढेच जिवाणू घालून दहा मिनिटांनी प्लेट करावे. पहिल्या दोन नळ्यांतल्या कॉलनी जवळपास सारख्या यायला हव्यात. दुसरीत निम्म्याहून कमी आल्या तर निष्प्रभावक अपुरा आहे, पहिलीतच कमी आल्या तर तो स्वतः विषारी आहे.

दुसरी शंका अधिक घोळ घालते. झिंक ऑक्साइडचा समविद्युत बिंदू (जिथे कणांवरचा भार शून्य होतो तो पीएच) ९ ते १० च्या आसपास असतो, म्हणजे उदासीन पाण्यात त्याच्या कणांवर धन भार असतो. जिवाणूंवर ऋण भार असतो, त्यामुळे ते कणांना चिकटतात. त्यात ०.९ टक्के मिठाने ग्राफीन ऑक्साइडचा ऋण भार झाकला जातो, पापुद्रे एकमेकांना बिलगतात आणि काही मिनिटांतच चोथा खाली बसू लागतो. त्यात जिवाणू अडकलेले असतात, पुष्कळसे जिवंत. पिपेटने वरचे पाणी उचलले की ते मोजणीतून निसटतात. उचलताना गुठळी आलीच, तरी शेकडो जिवाणूंच्या गुठळीची प्लेटवर कॉलनी एकच.

म्हणून पूर्ण द्रव ढवळून, चोथ्यासकट नमुना घ्यावा, ०.१ टक्के पॉलिसॉर्बेट ८० (साबणासारखा पदार्थ) असलेल्या निष्प्रभावकात टाकावा, काचेच्या मण्यांसह अर्धा मिनिट व्हर्टेक्स करावे (यंत्रावर जोराने घुसळावे) आणि बर्फाच्या पाण्यात अल्ट्रासॉनिक बाथमध्ये एक मिनिट ठेवावे. पदार्थ नसलेल्या कंट्रोललाही (तुलनेसाठीच्या नमुन्यालाही) हीच वागणूक द्यायची. एरवी बाथने मेलेले जिवाणू पदार्थाच्या खात्यावर जमा होतात.

या दोन दुरुस्त्यांनंतर तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा प्रति मिलि ४,००० जिवाणू जिवंत निघाले. १० लाखांवरून ४,००० म्हणजे २.४ लॉग. पाचातले अडीचहून अधिक लॉग फक्त प्लेटवर आणि पिपेटमध्ये घडले होते.

निथळात काय होते

उरलेले २.४ लॉग कोणाचे, हा पुढचा प्रश्न. मूळ मांडणीतही कंट्रोल होते: त्याच वजनाचे नुसते झिंक ऑक्साइड (३५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि) आणि नुसते ग्राफीन ऑक्साइड (१५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि). दुरुस्त मोजणीने झिंक ऑक्साइडची घट ०.९ लॉग आली, ग्राफीन ऑक्साइडची १.१ आणि नुसत्या सलाइनची ०.२. बेरजेपेक्षा संमिश्राचा आकडा थोडा अधिक दिसला, आणि ‘सहकार्याचा परिणाम’ हा शब्द वापरायला तेवढे पुरे झाले.

नव्हता तो कंट्रोल निथळाचा, म्हणजे पदार्थातून विरघळून सुटलेले घेऊन निघालेल्या पाण्याचा. जिवाणू न घालता संमिश्र चार तास सलाइनमध्ये हलवावे, सेंट्रिफ्यूज करावे आणि वरचे पाणी १० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूगल गाळणीतून काढावे. इथे ०.२२ मायक्रोमीटरची सिरिंज गाळणी चालत नाही, कारण २० नॅनोमीटरचा कण तिच्यातून सहज जातो आणि ‘विरघळलेले झिंक’ म्हणून मोजला जातो. या निथळात जिवाणू टाकले आणि घट आली १.८ लॉग. त्यात एक कणही नव्हता.

निथळात झिंक १२ मिग्रॅ प्रति लिटर निघाले, नुसत्या झिंक ऑक्साइडच्या निथळात ३. चौपट झिंक आले कुठून? पीएच पाहिला तर ७.३, म्हणजे संशयाला जागा नाही. झिंक ऑक्साइडच्या विरघळण्यावर पीएचची पकड जबरदस्त असते, पीएच एका अंकाने घसरला की समतोलातले झिंक आयन शंभरपट होतात. पण इथे पीएच घसरलेला नव्हता.

उत्तर वेळेच्या आलेखात सापडले. नुसत्या झिंक ऑक्साइडमधून झिंक हळूहळू सुटत होते. संमिश्रातून पहिल्या पाच मिनिटांतच जवळपास सगळे सुटले आणि नंतर रेषा आडवी झाली. कण विरघळतो तेव्हा असा आलेख येत नाही. आधीच तयार असलेले मीठ पाण्यात पडल्यावर असाच येतो. निथळात आम्ल आणि बेरियम क्लोराइड घातले, तशी पांढरट धूसरता आली, म्हणजे सल्फेट. मोजले तेव्हा १५ मिग्रॅ प्रति लिटर.

१५ ला ९६ ने भागले की ०.१५६ मिलिमोल सल्फेट. तेवढ्याच मोल झिंकचे वजन, ६५.४ ने गुणून, १०.२ मिग्रॅ. म्हणजे १२ पैकी १० मिग्रॅ झिंक हे झिंक सल्फेट म्हणून आले होते. अर्धवट धुतलेल्या ग्राफीन ऑक्साइडमध्ये त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाइतके सल्फेट अडकून होते, काही पापुद्र्यांमधले आम्ल, काही कार्बनला सल्फेट-एस्टर म्हणून जोडलेले आणि पाण्यात सावकाश सुटणारे. झिंक ऑक्साइड मिसळून ६०° ला वाळवताना आम्लाने ऑक्साइड खाल्ले आणि झिंक सल्फेट बनले. आम्ल खर्ची पडले, म्हणून पीएच निर्दोष दिसला. क्ष-किरण विवर्तनात ३१.८°, ३४.४° आणि ३६.३° ची झिंक ऑक्साइडची तीन शिखरे नेहमीसारखी उभी होती. थोडेसे, नीट स्फटिक न झालेले मीठ त्या आलेखात डोळ्यांना दिसत नाही.

नुसत्या ग्राफीन ऑक्साइडची १.१ लॉग घटही याच आम्लाची. तिथे त्याला खाऊन टाकायला झिंक ऑक्साइड नव्हते. १५ मिग्रॅ सल्फेटमागे ०.३१ मिलिमोल हायड्रोजन आयन असतील, तर पीएच ३.५ च्या आसपास यायला हवा, आणि तितकाच आला. एकच दोष एका कंट्रोलमध्ये आम्ल म्हणून वावरत होता आणि संमिश्रात झिंक म्हणून. दोन्ही आकडे पाहून कोणीही ‘पापुद्र्यांच्या धारदार कडा’ आणि ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ यांवर परिच्छेद लिहून मोकळा झाला असता. ते दोन्ही मार्ग खोटे नाहीत, पण ते सिद्ध करायला आधी आम्ल आणि आयन बाजूला काढावे लागतात. या विषयात जुना वादही आहे. २०१० आणि २०११ च्या कामांत ग्राफीन ऑक्साइड जिवाणूनाशक ठरले, २०११ मध्येच दुसऱ्या एका गटाला ते जिवाणूंची वाढ वाढवणारे दिसले, आणि २०१६ मध्ये नीट शुद्ध केलेल्या ग्राफीन ऑक्साइडचा परिणाम नाहीसा होतो, अपुरे धुतलेलेच मारते, असे दाखवले गेले.

पडताळणीसाठी १२ मिग्रॅ झिंक देणारे द्रावण, म्हणजे एक लिटर सलाइनमध्ये ५३ मिग्रॅ झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट, त्याच जिवाणूंवर लावले. घट १.७ लॉग, निथळाच्या १.८ शी जुळणारी.

धुणे कुठे चुकले

पाण्याने धुताना सहाव्या वेळी गाळ बसेना, हे स्वच्छतेचे लक्षण समजले गेले. खरे तर क्षार आणि आम्ल थोडे कमी झाले की पापुद्रे सुटे होऊन फुगतात आणि जेल बनते. आतले आम्ल मग सेंट्रिफ्यूजने निघतच नाही. क्रम असा हवा: पेरॉक्साइडनंतर रंग पिवळा झाला की पहिले दोन-तीन धुणे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने. आम्लात पापुद्रे बसलेलेच राहतात आणि मँगनीज, पोटॅशियम व सल्फेट वाहून जातात. धुतलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडने धूसरता येईनाशी झाली की मग शुद्ध पाणी. जेल होऊ लागले की ते डायलिसिसच्या पिशवीत (१२ ते १४ किलोडाल्टन) भरून बाहेरचे पाणी दिवसातून दोनदा बदलायचे. याला आठवडाभर लागू शकतो. चोवीस तास न बदललेल्या बाहेरच्या पाण्याची विद्युतवाहकता १० मायक्रोसीमेन्स प्रति सेंमीच्या खाली आली की थांबावे.

पोटॅशियमचे क्षार राहिलेले ग्राफीन ऑक्साइड वाळल्यावर ठिणगीने भडकते. तेव्हा नीट धुण्यात सुरक्षिततेचाही हिशोब आहे.

स्वच्छ ग्राफीन ऑक्साइडदेखील कार्बोक्सिल गटांमुळे आम्लधर्मीच असते. संमिश्र करण्यापूर्वी १ मिग्रॅ प्रति मिलि सस्पेन्शनचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडच्या ०.१ मोलर द्रावणाने ७ वर आणावा. ३०० मिलि सस्पेन्शन अर्धा तास बाथमध्ये ठेवून त्यात ७०० मिग्रॅ झिंक ऑक्साइडचे पाण्यातले सस्पेन्शन थेंबाथेंबाने घालावे आणि दोन तास ढवळावे. मग सेंट्रिफ्यूज, तीन वेळा पाण्याने धुणे आणि शेवटच्या पाण्यात झिंक व सल्फेट मोजून नोंद. वाळवणे गोठवून करावे. उष्णतेने पापुद्रे एकमेकांवर चिकटतात आणि उरलेसुरले आम्ल तीव्र होते. ऑटोक्लेव्ह टाळावा, त्यात ग्राफीन ऑक्साइडचे क्षपण होते आणि चाचणी भलत्याच पदार्थाची होऊन बसते.

धुतल्यावर उरले ते

नीट धुऊन बनवलेल्या नव्या संमिश्राच्या निथळात झिंक ३ मिग्रॅ, म्हणजे नुसत्या झिंक ऑक्साइडइतकेच. चकतीभोवतीचे वर्तुळ नाहीसे झाले. पीएच ७ ला आणलेल्या ग्राफीन ऑक्साइडची घट नुसत्या सलाइनच्या ०.२ वर आली. अंधारात, चार तासांत, संमिश्राची घट १.३ लॉग, झिंक ऑक्साइडची ०.९, आणि तेवढ्याच वजनाचे दोन्ही घटक चाचणीच्या क्षणी वेगवेगळे टाकले, तर १.०. तीन पुनरावृत्त्यांमधली तफावत ०.३ होती. संमिश्र आणि साध्या मिश्रणातला फरक तिच्याएवढाच भरतो, म्हणून अंधारात ‘सहकार्य’ आहे असे म्हणता येत नाही. हे वेगळे टाकलेले मिश्रण फार थोड्या अहवालांत दिसते, आणि नेमका तोच कंट्रोल ‘संमिश्र’ या शब्दाची परीक्षा घेतो.

प्रकाशाचे प्रकरण वेगळे ठेवावे. झिंक ऑक्साइडच्या ऊर्जापट्ट्यांमधले अंतर सुमारे ३.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे साधारण ३७५ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश त्यातले इलेक्ट्रॉन उत्तेजित करतो. खिडकीच्या काचेतून असा थोडा प्रकाश येतोच, म्हणून ‘अंधारातली’ चाचणी फॉइल गुंडाळल्याशिवाय अंधारातली नसते. यूव्ही-ए दिव्याखाली मोकळे झालेले इलेक्ट्रॉन पापुद्रे उचलतात, त्यांचे पुनर्मीलन (सोडलेल्या रिकाम्या जागी परतणे) मंदावते आणि ऑक्सिजनचे क्रियाशील रूप अधिक बनते. कार्बनचा खरा उपयोग असेल तर तो इथे, आणि तपासणी याच दिशेने वळवावी: दिव्याची तीव्रता मोजून, दिव्याखाली पण पदार्थाविना असा कंट्रोल ठेवून, आणि कार्बनचे प्रमाण ३० टक्क्यांवरून २ ते ५ टक्क्यांवर आणून. तीस टक्के काळा पदार्थ स्वतःच प्रकाश गिळतो आणि झिंक ऑक्साइडपर्यंत तो पोचू देत नाही.

लेपाच्या रूपात वापर होणार असेल तर सलाइनची चाचणी तशीही अपुरी. आयएसओ २२१९६ या पृष्ठभागांच्या जिवाणूरोधक चाचणीच्या मानकात ५० मिमी चौकोनी नमुन्यावर ०.४ मिलि जिवाणू ठेवून वर ४० मिमीची फिल्म झाकतात आणि ३५° ला, ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत, २४ तास ठेवतात. माध्यम पाचशेपट पातळ केलेला न्यूट्रिएंट ब्रॉथ असतो, त्यामुळे सलाइन आणि पूर्ण ब्रॉथ या दोन टोकांच्या मधला निकाल मिळतो. लेप आधी पाण्यात बुडवून, पाणी बदलत, निघणारे झिंक प्रत्येक वेळी मोजावे आणि मगच ही चाचणी लावावी. पहिल्या बुडवणीतच बहुतेक झिंक निघून गेले, तर पुढच्या दिवसांत त्या लेपाकडून अपेक्षा ठेवण्यासारखे फारसे काही उरत नाही.